आधी बिल्ला उलटा करा

पत्र

ताई, नमस्कार. मी मूळचा चिपळूणचा, गेली काही वर्षं नोकरीसाठी स्टुटगार्टला आहे. इथे कार्ल्सप्लाट्झवर दर शनिवारी जुना बाजार भरतो. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत जर्मन सैनिक टोकदार शिरस्त्राण घालायचे, पिकेलहाउब. त्याच्या समोर लावायचा प्रशियन गरुडाचा पितळी बिल्ला मी त्या बाजारात घेतला आणि मग नादच लागला. आता चौदा झालेत. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग अशा तेव्हाच्या जर्मन राज्यांचे, मिळेल ते घेतो.

उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. मी ऑफिसला गेलो असताना आईनं तीन बिल्ले चिंच आणि मीठ लावून देवाच्या उपकरण्यांसारखे लखलखीत घासले. मला रडू यायचं बाकी होतं, पण काही बोललो नाही. बाबांचं वेगळंच. ते म्हणाले, "एका साम्राज्याच्या जाचातून सुटलो, आता दुसऱ्याची चिन्हं भिंतीवर लावतोस?" बायकोची तक्रार अशी की या पत्र्यांवर किती पैसे जातात ते मी तिला सांगत नाही. (खरं आहे.) त्यातच एका विक्रेत्यानं कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, अंगरक्षक पथकाचा, गार्द द्यु कोरचा, परेडचा गरुड १८० युरोला देऊ केलाय. घेऊ का? आणि हा संग्रह पुढे चिपळूणला नेता येईल का?

— स्टुटगार्टकर

उत्तर

प्रिय स्टुटगार्टकर,

आईंनी घासलेले तीन बिल्ले कुठले, हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि नुकसान किती झालं ते त्यावरच ठरणार. साध्या सैनिकाचे पितळी बिल्ले असतील तर फार मनाला लावून घेऊ नका. ज्याच्या डोक्यावर तो बिल्ला होता तो शिपाईही बराकीत बसून तो घासतच होता. गरुडाच्या छातीवरची आणि पंखांच्या टोकांवरची झीज ही त्या घासण्याचीच असते, आणि संग्राहकाला ती हवी असते. तुमच्या बिल्ल्यांच्या खाचांमधला शंभर वर्षांचा काळपटपणा गेला, म्हणजे किंमत थोडी उतरली, एवढंच. पण तिघांपैकी एखादा अधिकाऱ्याचा असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर सोन्याचा मुलामा असतो, आणि मिठाच्या खड्यांनी घासून गेलेला मुलामा परत येत नाही. सर्वात वाईट म्हणजे १९१५ च्या नमुन्याचा करडा बिल्ला. युद्धात जर्मनीला पितळेची टंचाई झाली, तेव्हा हे बिल्ले पोलादी पत्र्याचे आणि मंद करड्या रंगाचे निघाले. तो रंग म्हणजेच त्याचं अस्सलपण. खालचा पत्रा चमकत असेल तर तो बिल्ला संग्रहातून गेला असं समजा आणि आठवण म्हणून ठेवा.

आता करायचं ते असं. चिंचेपेक्षा मीठ जास्त घातक आहे. खाचांत राहिलेलं मीठ दमट हवेत पितळेवर हिरवट जंगाल आणतं. तिन्ही बिल्ले डिस्टिल्ड वॉटरमध्ये मऊ ब्रशनं धुवा, पाणी दोन-तीनदा बदला, पूर्ण सुकू द्या आणि संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावा. पुन्हा 'जुना' रंग आणायला बाजारातली रसायनं लावू नका. कुणी जाणकार बघेल तेव्हा घासलेला बिल्ला तो माफ करेल, रंगवलेला नाही. आणि आईंना सांगा. न बोलता राहिलात तर पुढच्या खेपेला उरलेले अकराही चमकतील.

त्या १८० युरोच्या गरुडाला माझं उत्तर नाही असं आहे. कारण नीट सांगते, म्हणजे पुढचा असा प्रस्ताव तुमचा तुम्हाला ओळखता येईल. गार्द द्यु कोर ही पॉट्सडॅमची घोडदळाची रेजिमेंट, राजाच्या खास दिमतीची. त्यांची शिरस्त्राणं चामड्याची नव्हे, टॉम्बाक नावाच्या तांबूस मिश्रधातूची. परेडला वरचं टोक काढून त्या जागी पंख उभारलेला, मुकुटधारी गरुड बसवायचे. एकच रेजिमेंट, त्यात परेडचा साज, आणि जगभरच्या प्रत्येक संग्राहकाची त्यावर नजर. अस्सल गरुडाची किंमत चार आकडी असते. तो १८० युरोला विकणाऱ्याला एकतर आपल्याकडे काय आहे ते कळत नाही किंवा पुरेपूर कळतं. पहिली शक्यता मला तरी स्टुटगार्टच्या बाजारात दिसत नाही.

नाटक-सिनेमांसाठी, हौशी युद्धप्रयोगांसाठी आणि दिवाणखान्यातल्या शोभेसाठी या गरुडांच्या प्रतिकृती भरपूर बनल्या, अजून बनतात. त्यातल्या कितीतरी आपल्या भारतातच बनतात आणि प्रतिकृती म्हणूनच उघडपणे निर्यात होतात. त्यात गैर काही नाही. गैरप्रकार पुढे होतो. कुणीतरी ती वस्तू आम्लात बुडवून, मातीत पुरून 'आजोबांच्या माळ्यावरची' करतो. म्हणजे तुम्हाला देऊ केलेला पक्षी कदाचित तुमच्याही आधी भारतातून युरोपात पोचला असेल.

म्हणून पहिला नियम हा की बिल्ला हातात आला की आधी उलटा करा. पुढची बाजू सगळे बघतात, नकली बनवणाराही तिच्यावरच मेहनत घेतो. मागच्या बाजूला त्याचा उत्साह संपलेला असतो. सैनिकाचा जुना बिल्ला पातळ पितळी पत्र्यावर ठप्पा ठोकून काढलेला असतो. त्यामुळे पुढे जे वर आलंय ते मागे तितकंच खोल गेलेलं दिसतं, पिसानपिसासकट. मागची बाजू सपाट, भरीव, खरखरीत असेल, बारीक बुडबुड्यांच्या खुणा असतील, हातात जड लागत असेल, तर तो ओतीव आहे. तो खाली ठेवा आणि चहा प्यायला जा.

आजकालच्या बऱ्या प्रतिकृतीही ठप्प्याच्या असतात, तिथे जरा जास्त बघावं लागतं. जुन्याच्या रेषा धारदार असतात, नव्यांची पिसं साबणाची वडी वापरल्यासारखी बोथट. जुना बिल्ला शिरस्त्राणाच्या कपाळाला बसेल असा वळवलेला असतो. पूर्ण सपाट असेल तर तो कधी कुणाच्या डोक्यावर गेलेलाच नाही, किंवा कुणीतरी भिंतीसाठी सपाट केलाय. मागच्या जोडणीकडे बघा. साध्या सैनिकांच्या नंतरच्या बिल्ल्यांना पितळी कड्या झाळलेल्या असतात. त्या चामड्यातल्या भोकांतून आत जायच्या आणि आतून चामड्याच्या छोट्या पाचरीनं अडकायच्या. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यांना आट्यांचे खिळे आणि नट असतात. झाळकाम चांदीसारखं चकचकीत आणि बाकी बिल्ला काळाभोर, असं असेल तर दोघांची वयं जुळत नाहीत. प्रशियन अधिकाऱ्यांच्या गरुडाचा मुकुट बहुधा आरपार कोरलेला असतो, साध्या सैनिकाचा बंद असतो. बंद मुकुटाच्या गरुडावर मुलामा चढवून तो 'ऑफिसर' म्हणून विकण्याची लबाडी जुनी आहे.

पुढेमागे पूर्ण शिरस्त्राण घ्यायची वेळ आली तर आत हात घालून भोकं मोजा. बिल्ल्याला लागतात त्याहून जास्त भोकं असतील तर मूळ बिल्ला गेला आणि दुसरा बसवला. मग बाजूच्या रंगीत कोकार्डा, म्हणजे गोल चकत्या, बघा. १८९७ पासून उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-लाल आणि डावीकडे त्या त्या राज्याची अशी पद्धत झाली. वुर्टेम्बर्गची काळी-लाल-काळी, प्रशियाची काळी-पांढरी-काळी. समोर वुर्टेम्बर्गचा बिल्ला आणि डावीकडे प्रशियाचे रंग, असा संसार कुणीतरी नंतर जुळवून दिलेला असतो. वेगवेगळ्या शिरस्त्राणांचे भाग एकत्र करून विकणं हा या बाजारातला सर्रास प्रकार आहे. त्यातला प्रत्येक भाग अस्सल असू शकतो, म्हणूनच माणूस फसतो.

एक गमतीचा अपवाद सांगते, नाहीतर तुम्ही तो नकली समजून सोडून द्याल. काही प्रशियन गरुडांवर 'वॉटर्लू' किंवा 'पेनिन्सुला' अशी इंग्रजांच्या लढायांची नावं असलेली पट्टी दिसते. ती खरी असू शकते. हॅनोव्हर हे जर्मन राज्य आणि इंग्लंड यांचा राजा एकच होता, तेव्हा हॅनोव्हरची माणसं नेपोलियनविरुद्ध ब्रिटिशांच्या बाजूनं लढली. हॅनोव्हर पुढे प्रशियात गेलं आणि कैसर दुसऱ्या विल्हेल्मनं १८९९ मध्ये तिथल्या रेजिमेंटांना तो जुना मान परत दिला. अर्थात मागणी आहे तिथे नकलाही आहेत. साध्या गरुडावर नवी पट्टी झाळलेले नमुनेही फिरतात. पट्टीच्या मागचं झाळकाम बघितल्याशिवाय जादा पैसे देऊ नका.

आता तुमच्या चौदा बिल्ल्यांबद्दल, तुम्ही न विचारलेलं. 'मिळेल ते घेतो' हे वाक्य पत्रात वाचलं तेव्हा मला बायकोची तक्रार बरोबर वाटायला लागली. मिळेल ते घेणाऱ्याच्या संग्रहात सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त बनलेल्या वस्तू साठत जातात. तुमच्याकडे प्रशियाच्या साध्या पायदळाचे, छातीवर एफआर अक्षरं आणि 'देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी' अशा अर्थाच्या जर्मन पट्टीचे गरुड किती आहेत? तीन? चार? चांगला एक ठेवा, बाकीचे विका.

आणि तुम्ही स्टुटगार्टला राहता, हे विसरू नका. वुर्टेम्बर्गच्या राजधानीत राहून माणसानं प्रशियाच्या मागे का लागावं? वुर्टेम्बर्गचा बिल्ला दिसायलाही सुरेख: मध्ये हरणाच्या शिंगांची आणि सिंहांची ढाल, दोन्ही बाजूंना आधाराला सिंह आणि हरीण, खाली 'फुर्ख्टलोस उंड त्रेव', निर्भय आणि निष्ठावान. या राज्याचं सैन्य म्हणजे जर्मन लष्कराची तेरावी कोर, अनेक रेजिमेंटांचा एक मोठा विभाग. तिच्या पायदळ रेजिमेंटांचे क्रमांक ११९ ते १२७ आणि १८०. राणी ओल्गाच्या नावाची ११९ वी आणि तिच्या जोडीला १२५ वी स्टुटगार्टमध्येच होती, १२१ वी लुडविग्सबुर्गला, १८० वी ट्युबिंगेनला. पुढे दुसऱ्या महायुद्धात वाळवंटातल्या लढायांनी गाजलेला सेनापती एर्विन रोमेल १९१० मध्ये कॅडेट म्हणून दाखल झाला ती १२४ वी, वाइनगार्टेनची. शिरस्त्राणाच्या आत मानेकडच्या चामड्यावर बी.ए. तेरा असा शिक्का दिसला तर ते या कोरच्या कपडेकोठारातून निघालेलं.

याहून मोठं कारण कागदपत्रांचं आहे. प्रशियाच्या सैन्याचं दप्तर पॉट्सडॅमला होतं, ते एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बहुतांश जळालं. त्यामुळे प्रशियन सैनिकाचा माग काढायला गेलं की बहुतेक वेळा भिंत लागते. बव्हेरियाचं दप्तर म्युनिकला वाचलं आणि वुर्टेम्बर्गचं स्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागारात. तुम्ही दर शनिवारी ज्या कार्ल्सप्लाट्झवर उभे राहता तिथून ते चालत जाण्याइतकं जवळ आहे. नुसत्या बिल्ल्यावर माणसाचं नाव नसतं हे खरं. पण त्याच टेबलांवर, बिल्ल्यांच्या शेजारी, सैनिकांची 'मिलिटेरपास' नावाची छोटी पुस्तकंही पडलेली असतात. त्यात नाव, गाव, रेजिमेंट सगळं लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक चकाकतं ते उचलतं, पुस्तकं पडून राहतात. १२५ व्या रेजिमेंटचं एक पुस्तक घ्या आणि अभिलेखागारात त्या रेजिमेंटच्या नोंदवह्या मागा. तो माणूस कुठल्या गावचा, कुठे जखमी झाला, परत आला की नाही, हे कळायची खरी शक्यता आहे. चौदा राज्यांचे चौदा बिल्ले मांडण्यापेक्षा हा संग्रह मला कितीतरी पटीनं भारी वाटतो. लुडविग्सबुर्गचा एक सुतार किंवा हाइलब्रॉनचा एक द्राक्षमळेवाला सापडला की तुमचं बिल्ल्यांकडे बघणं बदलेल.

बायकोचा मुद्दा सरळ आहे, त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. आत्तापर्यंतचा एकूण आकडा तिला सांगा. एकदाच, पूर्ण, पोस्टाच्या खर्चासकट. मग दोघांनी मिळून महिन्याची रक्कम ठरवा आणि जादा गरुड विकून येतील ते पैसे त्यातच धरा. प्रत्येक वस्तूची तारीख, विक्रेता, किंमत आणि पुढचा-मागचा फोटो अशी एक वही ठेवा. ती वही तिलाही वाचता येईल अशा भाषेत लिहा. 'पत्रे' हा तिचा शब्द तिला खुशाल वापरू द्या.

बाबांना मात्र घाईनं उत्तर देऊ नका, त्यांचा प्रश्न पोकळ नाही. त्या बिल्ल्यांखाली सगळीच माणसं सुतार आणि द्राक्षमळेवाली नव्हती. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममध्ये घुसलेल्या जर्मन सैन्यानं लुव्हेनचं विद्यापीठ-ग्रंथालय जाळलं. दिनां गावात सॅक्सन तुकड्यांनी ६७४ नागरिक मारले. तुमच्याकडचा सॅक्सनीचा चांदणीचा बिल्ला त्याच सैन्याचा. त्याआधी १९०४ ते १९०८ मध्ये आजच्या नामिबियात हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन वसाहती फौजेनं संहार केला. हे माहीत असूनही संग्रह करता येतो. पण मग चकाकत्या गरुडांची रांग दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायची की खणात, नोंदींसह ठेवायची, यात फरक पडतो. मी खणाच्या बाजूची आहे. जर्मनीत सध्या कैसरकालीन झेंडे आणि चिन्हं मिरवणारे लोक कोण असतात हे तुम्हाला तिथे राहून माहीत असेलच. पाहुण्यांना तुमची भिंत काय सांगेल, याचा विचार करावाच लागतो.

कायद्याचं म्हणाल तर कैसरच्या काळचे बिल्ले बाळगणं, विकणं गुन्हा नाही. जर्मन दंडसंहितेचं ८६अ कलम लागतं ते नाझी चिन्हांना. त्याच बाजारात स्वस्तिकावर चिकटपट्टी लावलेल्या वस्तू दिसतात त्या यामुळे. त्या वाटेला जाऊ नका. संग्रहाचा विषय तिथे तुटतो, आणि बाबांना द्यायला मग तुमच्याकडे खरंच उत्तर उरणार नाही.

बाबांना एक गोष्ट सांगून बघा. १९१४ च्या शरद ऋतूत या टोकदार शिरस्त्राणांसमोरच्या खंदकांत आपलीही माणसं होती. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावावर जो हल्ला झाला त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी इंजिनिअर दलाच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या होत्या. म्हणजे आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स. गाव घराघरांतून लढत घेतलं, टिकवता आलं नाही, आणि त्या दोन कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. तिथेच १९२७ मध्ये उभारलेल्या भारतीय स्मारकावर ४७०० हून अधिक नावं कोरली आहेत. बाबा पुढच्या वर्षी आले तर त्यांना म्युनिकच्या संग्रहालयांऐवजी तिथे घेऊन जा. आणि त्यांचं म्हणणं पटवून घ्यायचं ठरवलंत तरी माझी हरकत नाही.

राहिलं चिपळूण. इथे मी तुम्हाला थांबवणार आहे. भारतात आणण्याआधी एक लक्षात घ्या. आपल्या १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि व्याख्येत ती कुठल्या देशात घडली असा भेद केलेला नाही. खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचे सगळे बिल्ले आता शंभरी ओलांडलेले. म्हणजे एकदा चिपळूणला पोचलेला संग्रह परत स्टुटगार्टला न्यायचा, किंवा युरोपातल्या लिलावात विकायचा म्हटलं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या दारात उभं राहावं लागेल. कायमचं परतायचं ठरेपर्यंत आणू नका.

शिवाय चिपळूणची हवा. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तिथे शंभर वर्षांच्या चामड्याचं काय होईल सांगायला नको. नुसते बिल्ले एकवेळ हवाबंद डब्यात, सिलिका जेल बदलत, टिकतील. सागवानी खणात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून नाही. आणि शिरस्त्राण घेतलंत तर त्याला खोबरेल तेल लावायची सूचना घरातून नक्की येईल. लावू देऊ नका, लाखेचा थर सुटतो.

आणायची वेळ येईल तेव्हा खरेदीच्या पावत्या, वहीतले फोटो आणि जर्मन पावत्यांचा इंग्रजी गोषवारा बरोबर ठेवा, आणि कस्टममध्ये विचारायच्या आधी स्वतः दाखवा. बिल्ले केबिनच्या बॅगेत चालतील, एक्स-रेवर उघडायला लावले तर दहा मिनिटं जातील इतकंच. टोकाचं शिरस्त्राण मात्र मोठ्या सामानात टाका. १९१५ च्या नमुन्याचं असेल तर टोक फिरवून निघतं, ते काढून कापडात वेगळं बांधा.